अट्रॅक्टाच्या अंगणातली खडी

आमच्या वाटेवर तीनच घरं आहेत. खाली नदीकाठी मलाकी कुनाहनचं, वर टेकाडावर अट्रॅक्टा डर्कनचं आणि दोघांच्या मधे माझं. मी शाळेची बस चालवतो. चाळीस पोरांचा कल्ला रोज दोनदा ऐकायची मला सवय आहे, पण या दोघांचं जुंपलं की मी खिडक्या लावून घेतो.

अट्रॅक्टाने तीस वर्षं सहकारी डेअरीत दूध तपासलं. दुधात कोणी किती पाणी घातलंय हे यंत्राच्या आधी ती सांगायची. बरणी उजेडात धरायची, डावा डोळा बारीक करायची आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायची, "काय हो, तुमची गाय काल पावसात तोंड उघडं ठेवून उभी होती का?" एकोणीसशे ब्याऐंशी साली हा प्रश्न तिने मलाकीच्या वडिलांना विचारला. पुढे म्हातारा वारला, डेअरी बंद पडली, त्या जागी फरशांचं दुकान आलं, पण कुनाहनांच्या घशातून तो प्रश्न अजून खाली उतरलेला नाही.

डेअरी बंद झाल्यावर तिच्याकडे बरण्या उरल्या आणि तपासायला काही उरलं नाही. नवरा आधीच गेलेला, मुलगा परदेशात. दोन-तीन वर्षं ती माझ्या संसारावर लक्ष ठेवून होती. मग एक दिवस नदी खात्यातली एमर नावाची मुलगी आली आणि मी सुटलो.

एमर म्हणाली, "अट्रॅक्टा, उताराजवळ सहा वर्षांत एकाही सॅमन माशाने अंडी घातलेली नाहीत. पाऊस पडून गेला की तिथलं बरणीभर पाणी भरून ठेवाल का?"

झालं. महिनाभरात अट्रॅक्टाच्या खिडकीत बावीस बरण्या लागल्या, प्रत्येकीवर तारीख. एकदा पोस्टमनने त्यांतली एक मुरंब्याची समजून मागितली. वर स्वच्छ पाणी, तळाशी दोन बोटं तपकिरी गाळ. मी गेलो की ती एक बरणी उचलून माझ्या नाकासमोर धरायची.

"हे बघ, फिन्टन. वरून नदी कशी दिसते? स्वच्छ. आणि खाली बघ काय बसलंय. मासळी शेपटीने खडीत खड्डा करते, त्यात अंडी घालते, वरून खडी ओढून घेते. मग पार वसंतापर्यंत अंडी तिथेच. दगडांच्या फटींतून पाणी खेळतं म्हणून त्यांचा श्वास चालतो. फटीत हे बसलं की अंडी जागच्या जागी गुदमरतात. एखादं पिल्लू जगलंच तर त्याला वर यायला वाट नाही."

"मग हा गाळ येतो कुठून?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं.

गाळ मलाकीच्या गुरांच्या खुरांखालून येत होता. त्याची तीस गुरं जिथे नदीवर पाणी प्यायला उतरायची, त्यालाच आम्ही उतार म्हणतो. तिथला काठ त्यांनी तुडवून तुडवून चिखलाचा करून ठेवला होता, आणि नेमकी तिथूनच खाली, नदीतली सगळ्यात चांगली खडी होती.

अट्रॅक्टा त्याच्या फाटकाशी गेली. मी लांबून ऐकत होतो.

"मलाकी, काठाला कुंपण घाल."

"माझ्या आज्याची गुरं इथेच पाणी प्यायची."

"तुझ्या आज्याकडे चार गाई होत्या. तुझ्याकडे तीस आहेत, आणि एकेकीचं बूड फादर मुल्डूनच्या गाडीएवढं आहे."

"त्यांना तहान लागते, अट्रॅक्टा."

"मग टाकी बसव, आणि त्यात हवं तेवढं पाणी घाल. पाणी घालायची तुमच्या घराला चांगली सवय आहे."

मलाकीने फाटक लावून घेतलं. मलाकी माणूस वाईट नाही, हेकट आहे. बहात्तर वर्षांचा, एकटा, दुपारी गुरांशी हवामानावर बोलतो. पण त्याच्या बापाचं नाव काढलं की तो दगड होतो, आणि हे माहीत असून अट्रॅक्टा दर वेळी ते काढते. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मला राहवत नाही रे."

सप्टेंबरमध्ये तिने नवऱ्याची छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, दाताळं घेतलं आणि नदीत उतरली. तेव्हा खडीत अंडी नसतात, म्हणून एमरने परवानगी दिली होती. ती स्वतः शेजारी उभी होती. आठ दिवस अट्रॅक्टा खडी खालवर करत होती. दाताळं घुसवलं की पाण्यातून तपकिरी ढग उठायचा आणि वाहून जायचा. सदुसष्ट वर्षांची बाई, कंबरेला हात लावून लावून, पण हटेना.

मलाकी काठावरून म्हणाला, "नदीत बटाटे लावतेयस काय?"

"तुझ्या गुरांचं देणं वेचतेय. पिशवीत भरून परत पाठवू का?"

नोव्हेंबरात गुरं गोठ्यात गेली आणि काठ निवांत झाला. डिसेंबरच्या दहा तारखेला अट्रॅक्टाचा फोन आला. ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून बोलत होती, तरी कुजबुजत होती. "फिन्टन, आलीय. एकटीच आहे. तू येऊ नकोस, तुझे बूट फार वाजतात."

मी मोज्यांवर गेलो. पुलावर आम्ही दोघं पालथे पडून बघत होतो. हातभर लांब मासळी, कूस पांढरी करून आडवी व्हायची, शेपूट आपटायची, खडी उडायची. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. तळाच्या काळपट दगडांमध्ये नुसता एक उजळ, धुतलेल्या खडीचा लांबट ढीग होता. अट्रॅक्टा त्या ढिगाकडे बघून रडली आणि मग माझ्यावरच चिडली, कारण मी ते पाहिलं होतं.

त्या दिवसापासून गावात तिला दुसरा विषय नव्हता, फक्त ढीग नेमका कुठे आहे हे ती कोणाला सांगायची नाही. मलाकी जानेवारीत दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "अंड्याला थोडा चिखल लागला तर काय होतं? माझ्या कोंबड्यांच्या अंड्यांना रोज लागतो." लोक हसले. अट्रॅक्टा पावाचे पैसे मोजून निघून गेली. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

संध्याकाळी ती माझी शिडी मागून घेऊन गेली. अर्ध्या तासाने मलाकी घरातून खोकत, डोळे पुसत बाहेर आला. त्याच्या धुराड्यात कोणीतरी ओलं पोतं कोंबलं होतं. अट्रॅक्टा योगायोगाने तिथूनच चालली होती.

"काय झालं, मलाकी?"

"धूर. श्वास घेता येईना."

"थोडा धूर लागला तर काय होतं?" असं म्हणून ती शिडी माझ्या परसात ठेवून गेली.

हे सगळं सांगितलं, कारण त्या वर्षी घरच्या मिस्सेची पाळी अट्रॅक्टाकडे होती. आमच्याकडे वर्षातून एकदा फादर एका घरी येऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करतात, आळीपाळीने, आणि सगळा शेजार जमतो. पाळी आली की माणसाला वेड लागतं. ज्या भिंतींना दहा वर्षं हात लागलेला नसतो त्या रंगवल्या जातात. फादर पोटमाळ्यावर जाणार नाहीत हे माहीत असूनही पोटमाळा झाडला जातो. आणि एक रीत अशी की पाळीच्या घरी शेजाऱ्याने न बोलावता एक काम करून द्यायचं. भांडण असेल तर आधी.

अट्रॅक्टाचं घर लखलखत होतं, पण अंगण म्हणजे नुसता राडा. खाणीवरून खडी आणणाऱ्या ट्रकवाल्याने आमच्या अरुंद वाटेवर यायला नकार दिला होता. "फादरांना चिखलातून यावं लागणार," असं ती आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मलाकीने ते ऐकलं असावं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी अकराची मिस्सा होती. अट्रॅक्टा सकाळीच गावात गेली, फादरांचं सामान आणि केक आणायला. तिची गाडी वळणाआड गेली आणि मलाकीचा ट्रॅक्टर धडधडत वर आला. मागे ट्रॉली भरून ओली खडी.

"फाटक उघड, फिन्टन. ती यायच्या आत पसरू."

आता मी ती खडी नीट बघायला हवी होती, हे मला कोणी सांगायची गरज नाही. मी फाटक उघडलं. एवढंच नाही, मी फावडं आणून पसरायलाही लागलो. मलाकी घामाघूम झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं, चाळीस वर्षांचं भांडण आज मिटतंय, आपण त्यात आहोत. गोल, एकसारखी, स्वच्छ खडी. अंगण राजवाड्याचं दिसायला लागलं.

दहा वाजता अट्रॅक्टा आली. गाडी त्या खडीवरून करकरत आत घेतली, उतरली आणि बघतच राहिली.

"हे कोणी केलं?"

मलाकीने टोपी काढली. "पाळी आहे तुझी. म्हटलं, फादरांचे बूट..."

अट्रॅक्टाने त्याचा हात हातात घेतला. मी शपथेवर सांगतो, घेतला. "मलाकी, मी तुझ्या वडिलांबद्दल त्या दिवशी जे बोलले..." एवढ्यात तिची लाल कोंबडी पायाशी आली, खडीत चोच घातली आणि वाटाण्याएवढा नारिंगी मणी उचलून गिळला. मग दुसरा.

अट्रॅक्टाने हात सोडला. ती खाली बसली, एक मणी तळहातावर घेतला आणि उजेडात धरला. डावा डोळा बारीक केला. मण्याच्या आत दोन काळे ठिपके होते. डोळे. ठिपके हलले.

"कुठून आणलीस?"

"उताराच्या खालून," मलाकी म्हणाला. "कोणीतरी निवडून, धुऊन ठेवल्यासारखा ढीगच होता. मी म्हटलं, तूच सप्टेंबरात दाताळ्याने..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. त्याचा चेहरा मी पुन्हा बघू इच्छित नाही.

अट्रॅक्टा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी कोंबड्या कोंडल्या, मग एमरला फोन लावला. एमरने सांगितलं: डोळे दिसतात म्हणजे अंडी चिवट झालीत, थंड आणि ओली ठेवलीत तर काही तास तग धरतील, चमच्याने हळूच उचला, बोटाने दाबू नका, नदीचंच पाणी शिंपडा, मी निघाले.

मग वाटेने पाहुणे यायला लागले, चकचकीत बूट, इस्त्रीचे कपडे. अट्रॅक्टा फाटकाशी उभी राहून प्रत्येकाला बूट काढायला लावत होती आणि हातात चहाचा चमचा देत होती. साडेदहाला फादर मुल्डून आले.

"काय चाललंय, अट्रॅक्टा? मी मिस्सेला आलो ना?"

"आलात, फादर. आधी गुडघे टेका. जरा लवकर टेकताय एवढंच."

फादरांचं वजन शंभराच्या वर आहे आणि एक गुडघा बदललेला. तरी ते बसले. सत्तावीस माणसं अंगणात रांगत होती, एकेक खडा उचलून बाजूला ठेवत होती, चमच्याने एकेक अंडं वेचत होती. वेचलेली अंडी ओल्या रुमालांवर, आणि रुमाल त्या सोनेरी कडांच्या चिनी मातीच्या बशांमध्ये, ज्या अट्रॅक्टाच्या लग्नानंतर कपाटातून निघाल्या नव्हत्या. पुष्कळशी फुटलेली होती. काही तिच्याच गाडीच्या चाकाखाली, काही माझ्या फावड्याने. मी त्यांना ओलांडून पुढे जात होतो आणि मला माझी लाज वाटत होती.

मलाकी फाटकाबाहेर उभा होता. आत यायचं धाडस नव्हतं, घरी जायचंही नव्हतं. शेवटी फादरांनी त्याला कॉलरला धरून आत घेतलं आणि स्वतःचा चमचा दिला. "मला खाली बसवलंस तर तूही बस," म्हणाले.

मिस्सा पाऊण तास उशिरा झाली. बशा वेदीच्या मेजाखाली थंड फरशीवर होत्या. प्रार्थनेत फादरांनी आजारी माणसांची नावं घेतली, मृतांची घेतली आणि खाली बघून म्हणाले, "आणि यांच्यासाठी." कोणी हसलं नाही. चहाला फादरांना मुरंब्याच्या बरणीतून चहा मिळाला, कारण त्यांच्यासाठी राखलेल्या कपात साठ अंडी होती.

एमरने येऊन मोजली. सहाशे बारा जिवंत. मासळीने घातली असतील चार-पाच हजार. "भोकांच्या पेट्यांमध्ये घालून पुन्हा खडीत पुरते," ती म्हणाली, "पण खडी कुठे आहे?"

खडी अंगणात होती. सगळ्यांनी मिळून ती बादल्यांमधून परत नदीवर नेली आणि धुऊन धुऊन टाकली. अंधार पडायच्या आत पेट्या पुरल्या गेल्या. याला मोठा दंड होऊ शकतो, असं एमरने मलाकीला सांगितलं. मलाकी म्हणाला, "कर." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दंड घेऊन मी काय करू? वर बघा."

वर काठावर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चऱ्या पाडल्या होत्या, थेट पाण्यापर्यंत. पुढचा पाऊस त्या चऱ्यांतून सगळा चिखल पेट्यांवर आणून टाकणार होता. आणि मार्चच्या मध्यावर, सेंट पॅट्रिकच्या सणानंतर, गुरं बाहेर पडणार होती.

शनिवारी पाऊस आला. आमच्याकडे पाऊस येतो म्हणजे चार दिवस राहतो. अट्रॅक्टा सकाळी दर तासाला बरणी भरून आणत होती आणि उजेडात धरत होती. पहिली बरणी गढूळ. दुसरी जास्त गढूळ. तिसरी आणायला गेली ती परत येईना, म्हणून मी छत्री घेऊन गेलो.

मलाकी चऱ्यांमध्ये गुडघ्यांवर होता. स्वतःच्या चांगल्या कुरणातली हिरवळ त्याने मातीसकट चौकोनी कापून आणली होती आणि फरशी बसवावी तसे तुकडे चिखलावर बसवत होता, तळहाताने थोपटत. अर्धा काठ झाकून झाला होता. अट्रॅक्टा त्याच्यासमोर पावसात उभी होती. गुरुवारपासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती.

"कडेला फट राहिलीय," ती म्हणाली.

मलाकीने वर बघितलं. "कुठे?"

"डावीकडे. हो तिकडे, मेल्या. माझ्याकडे दे." आणि तीही खाली बसली.

काम करता करता तो म्हणाला, "पोतं तूच कोंबलंस ना? फिन्टन शिडीवर चढूच शकत नाही, त्याला चक्कर येते."

"मीच."

"मला तेव्हाही कळलं होतं, तू काय सांगतेयस ते. पण तू सांगत होतीस म्हणून पटवून घ्यायचं नव्हतं."

अट्रॅक्टाने आणखी एक तुकडा थोपटून बसवला. मग म्हणाली, "ब्याऐंशी साली यंत्र बिघडलेलं असू शकतं." यंत्र बिघडलेलं नव्हतं, हे तिला, मला आणि मलाकीलाही माहीत आहे.

दुपारची बरणी सकाळपेक्षा स्वच्छ होती. मार्चमध्ये मलाकीने काठाला कुंपण घातलं. टाकी बसेपर्यंत गुरं गोठ्यातच ठेवली. ती रात्रंदिवस हंबरायची आणि तो त्यांना बादलीने पाणी घालायचा, तीस गुरांना, बहात्तराव्या वर्षी. सेंट पॅट्रिकच्या दिवशी सगळ्यांची गुरं कुरणात आणि याची आत, म्हणून लोक त्याला हसले. त्याने ऐकून घेतलं. अट्रॅक्टाने मात्र हसणाऱ्यांपैकी दोघांना, त्यांच्या दुधाबद्दल तिला काय काय आठवतं, ते भर दुकानात विचारलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एमरने पेट्या उघडल्या. एका पेटीत सगळी अंडी पांढरी, मेलेली. पावसाच्या पहिल्या तासांतला गाळ तिच्यात शिरला होता. दुसरीत थोडी पांढरी. बाकी ती रिकामी होती. मलाकीचं तोंड उतरलं.

"रिकामी म्हणजे गेली ना?"

"गेली म्हणजे बाहेर गेली," एमर म्हणाली. "काठाच्या कडेला बघा, संथ पाण्यात."

मलाकीला काही दिसेना. अट्रॅक्टाने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून फिरवलं. "दगड बघू नकोस. दगडाशेजारची सावली बघ. ती हलते का?"

तो बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने बोट वर केलं, एक. मग दोन. अंगठ्याच्या नखाएवढे जीव, प्रवाहाकडे तोंड करून शेपट्या हलवत जागच्या जागी थांबलेले. तो मोजत राहिला आणि आम्ही कोणी त्याला घाई केली नाही. एकोणीस झाले.

"एवढ्यांतून परत किती येतील?" त्याने विचारलं.

"समुद्रात जाऊन?" एमर म्हणाली. "एखादी आली तरी खूप. आणि तीही चार वर्षांनी."

मलाकी बोटांवर हिशोब करायला लागला. बहात्तर आणि चार. त्याने तो दोनदा केला. त्याच्या घरात त्याच्यामागे कोणी नाही, आणि पुढच्या नाताळापलीकडच्या कशाची वाट बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"चार वर्षं हे कुंपण टिकेल का गं?" त्याने अट्रॅक्टाला विचारलं.

"कुंपणाचं मी बघते," अट्रॅक्टा म्हणाली. "तू टिक."

मलाकीने टोपी घातली आणि कुंपणाच्या कडेने एकेक खांब हलवून बघत घराकडे निघाला.